वाचकांचे प्रश्न : जनुकं तीच, मग केळ खुजी का?

प्रश्न : नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून टिश्यू कल्चरची केळी लावली. बहुतेक चांगली वाढली, काही मात्र खुजी राहिली. पानं रुंद, देठ तोकडे. रोपं एकाच कंदापासून केलेली, म्हणजे जनुकंही तीच ना? मिथिलेशनमुळे जनुक बंद पडतं म्हणतात, तसं काही आहे का? – एक बागायतदार, वेंगुर्ले

उत्तर : आधी पर्णगुच्छ नाही ना ते बघा. देठावर आणि पानाच्या मधल्या शिरेवर गडद हिरव्या तुटक रेघा असतील, शेंड्याची पानं गुच्छासारखी उभी असतील, तर तो विषाणू आहे. अशा झाडावरचा मावा आधी फवारून मारा, मगच कंदासकट काढा. उलट केलंत तर मावा शेजारच्या केळीवर जातो.

रेघा नसतील तर फरक बहुधा प्रयोगशाळेतून आलेला. मिथिलेशनमध्ये डीएनएतल्या सायटोसिनवर, म्हणजे 'सी' या अक्षरावर, मिथाइल गट ही छोटी रासायनिक खूण बसते. अक्षरं बदलत नाहीत. पण जनुकाच्या सुरुवातीचा भाग, म्हणजे प्रमोटर, अशा खुणांनी भरला की तिथलं क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) आवळलं जातं आणि जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, बनायचा थांबतो.

वनस्पतींत या खुणा तीन ठिकाणी बसतात : सीजी, सीएचजी आणि सीएचएच. एच म्हणजे जी सोडून कुठलंही अक्षर. पहिल्या दोन दोन्ही धाग्यांवर समोरासमोर असतात, त्यामुळे पेशी विभागली की जुन्या धाग्यावरून मेट-१ आणि सीएमटी-३ ही विकरं नव्यावर नक्कल करतात. सीएचएचला समोर जोडीदार नाही. ती खूण दरवेळी नव्याने लावावी लागते. बऱ्याच ठिकाणी २४ अक्षरी लघु आरएनए डीआरएम-२ या विकराला जागा दाखवतात. बाटलीत हार्मोनच्या जोरावर भराभर विभागणाऱ्या पेशींत ही नक्कल चुकते.

सर्वांत स्पष्ट उदाहरण तेलताडाचं. त्याच्या फुलाच्या एका जनुकात 'कर्मा' नावाचा, जागा बदलू शकणारा डीएनएचा तुकडा बसलेला आहे. त्यावरची खूण पुसली गेली की फळं विकृत होतात आणि तेल घटतं, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. तोवर रोप दिसायला निरोगी; दोष कळतो तो फुलल्यावर! टोमॅटोत उलटा प्रकार सापडला : प्रमोटरवर जादा मिथिलेशन, आणि फळ पिकतच नाही.

केळीतल्या प्रत्येक खुजेपणाचं खापर मात्र मिथिलेशनवर फोडू नका. खरं उत्परिवर्तनही असतं. कारण काहीही असो, अशा झाडाचे मुनवे लावू नका. रोपं घेताना सबकल्चर (बाटलीतली रोपं वाटून नव्या माध्यमात लावणं) किती झाले ते विचारा, आठच्या पुढे नकोत. बुटकी आणि पांढरट पट्ट्यांची रोपं ट्रेमधूनच बाजूला काढा.

प्रश्न : हापूसच्या पानांचं बायसल्फाइट सिक्वेन्सिंग (मिथिलेशन कुठे आहे ते वाचायची पद्धत) केलं, तर जवळजवळ सगळेच सायटोसिन मिथिलेटेड दिसतात. – एक विद्यार्थी, दापोली

उत्तर : रूपांतर अर्धवट राहिलंय. बायसल्फाइटने मिथाइल नसलेल्या सायटोसिनचा युरॅसिल होतो आणि तो टी म्हणून वाचला जातो. पण हे फक्त सुट्या धाग्यावर घडतं. आंब्याच्या पानातले पॉलिफिनॉल आणि चिकट शर्करा डीएनएसोबत आल्या तर धागे नीट सुटत नाहीत. कोवळी तांबूस पालवी घ्या. डीएनए काढायच्या २ टक्के सीटीएबी द्रावणात पॉलिफिनॉल धरून ठेवणारं २ टक्के पीव्हीपी आणि थोडं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालून ६५ अंशांवर ठेवा, मग २४:१ क्लोरोफॉर्म-आयसोअमिल अल्कोहोलने दोनदा धुवा. डीएनएची शुद्धता दाखवणारं प्रकाशशोषणाचं २६०/२८० गुणोत्तर १.८च्या आसपास हवं. २६०/२३० फारच कमी आलं तर पुन्हा शुद्ध करा. हरितलवकाच्या डीएनएत मिथिलेशन जवळपास नसतं. तिथे जितके टक्के सी उरतील, तेवढी तुमची चूक.