पेटी असताना व्हायोलिन कशाला?

वाचकांचे प्रश्न : हौशी व्हायोलिन

(या महिन्याच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत सांगलीचे एक हौशी व्हायोलिनवादक. नोकरी मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून झाली. संध्याकाळ मात्र भजन, कीर्तन, नाट्यगीतं यांच्या साथीला. निवृत्तीनंतरही तोच क्रम चालू आहे.)

प्रश्न : माझं वय ४६. शाळेत असताना व्हायोलिनची मध्यमापर्यंतची परीक्षा दिली, मग सगळं सुटलं. आता गल्लीतल्या भजनी मंडळात जाऊन वाजवावंसं वाटतं. पण पेटीवाले काका म्हणतात, "पेटी आहे की, व्हायोलिन कशाला?" काय करू?
– एक शिक्षिका, तासगाव

ताई, काकांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. पेटी जे वाजवते तेच तुम्ही अर्धा क्षण मागून वाजवणार असाल तर खरंच नको. पेटीला जे जमत नाही ते करा. पेटीची पट्टी दाबली की सूर आला, सोडली की गेला. बुवा "विठ्ठला" म्हणताना खालच्या स्वरावरून वरच्या स्वरावर जी ओढ घेतात, ती पेटीतून निघत नाही. तुमचं बोट तारेवरून घसरलं की ती निघते. तेवढ्यासाठी तुम्हाला तिथं जागा आहे, आणि ती पुरेशी आहे.

सुरुवातीला फार वाजवू नका. बुवांचा चरण संपतो आणि टाळकरी तो उचलतात, या दोन्हींच्या मधे छोटी फट असते. तिथं चरणाचं शेवटचं वळण वाजवा. बाकी वेळ षड्ज-पंचमावर, म्हणजे सा आणि प वर, हलका गज (बो) ठेवा, नाहीतर गज मांडीवर ठेवून ऐका. काकांना त्यांच्या वाटचं कुणी हिसकावून घेत नाही हे दिसलं की तेच खुणावतील, "या ओळीला घ्या."

बसायच्या जागेचं बघा. टाळांच्या ओळीत बसलात तर स्वतःचा सूर ऐकू येणार नाही. आपल्या वाद्याला सतारीसारखे पडदे नाहीत; कानाला ऐकू आलं नाही की बोट भरकटलंच म्हणून समजा. पेटीला लागून बसा आणि उजव्या कोपराला मोकळी जागा ठेवा. दाटीवाटीत बसलात तर गज शेजारच्याच्या टाळावर आपटतो, आणि टाळकरी ते विसरत नाहीत.

आता पट्टीचा मुद्दा, म्हणजे गाणारा कुठल्या स्वराला सा धरतो त्याचा. मध्यमा करताना गुरुजींनी एकाच पट्टीत वाजवून घेतलं असणार. पुरुष गायक साधारण काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास गातात, पण वारकरी भजन एकदम चढ्या पट्टीत असतं. काळी चार नेहमीचीच, रंगात आले की काळी पाचसुद्धा. अशा वेळी घाबरून सगळ्या खुंट्या पिळू नका. जाड तारेकडून मोजलं तर काळी एकला आपल्या तारा प-सा-प-सा अशा लागलेल्या असतात. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. म्हणजे जाड तार आणि तिसरी तार आहेत तिथंच ठेवायच्या, आता त्याच षड्ज. दुसरी आणि सगळ्यात बारीक, या दोन तारा काळी एकवरून काळी दोनवर चढवल्या की झालं सा-प-सा-प. घरी चार-दोन वेळा करून बघा, मग बुवांचा पाण्याचा पेला संपायच्या आत जमतं. काळी पाचला मात्र तारा चढवायच्या भानगडीत पडू नका. बारीक तार तिच्या नेहमीच्या ताणाच्या वर जाते आणि बरोबर गजर टिपेला पोचला की तुटते. तिथं तारा आहेत तशाच ठेवून बोटांनी षड्ज बदलून घ्या. अवघड आहे, पण तार तुटण्यापेक्षा बरं.

वयाचं तुम्ही विचारलंत नाही, म्हणून मीही काही बोलत नाही.

प्रश्न : ऑनलाइन व्हिडिओ बघून उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवायला शिकलो. आता लावलेले सर म्हणतात मांडी घालून बस. दोन्ही चालेल का?
– एक विद्यार्थी, कराड

राग वाजवायचे असतील तर बसा. व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकतं, दुसरं टोक छातीशी. वाद्य दोन्हीकडून टेकलेलं असल्यामुळे डाव्या हाताला ते पेलायचं काम उरत नाही आणि मींड घ्यायला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, तो मोकळा राहतो. नामवंत व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग असेच बसून वाजवायचे. दुसरे व्हायोलिनवादक डी. के. दातार कुरुंदवाडचे, आमच्या सांगलीहून हाकेच्या अंतरावरचे. दोघांची ध्वनिमुद्रणं ऐक आणि सर सांगतात तसं कर. पुढं कधी ऑर्केस्ट्रात नोटेशन बघून वाजवायची वेळ आली तर हनुवटीखालची पकड उपयोगी पडेल. पहिली दोन वर्षं दोन्हींची खिचडी नको, मनगट बिघडतं.

प्रश्न : आमच्याकडं मोठे कलाकार येत नाहीत. पुण्याला जाणं दर वेळी परवडत नाही. प्रत्यक्ष मैफल कुठं ऐकायची?
– एक वाचक, सातारा

सातारकरानं हे विचारावं! औंध तुमच्याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. तिथले अंतुबुवा जोशी संस्थानाचे गवई. त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला संगीत महोत्सव आश्विनात, दिवाळीच्या आधी होतो. अंतुबुवांचे चिरंजीव गजाननराव (१९११–१९८७) आपल्या, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या, घरचे. गायचे तसंच वाजवायचे, आणि वाजवायचे ते गायल्यासारखं. गायक उल्हास कशाळकर त्यांचेच शिष्य. यमाईचं दर्शन घ्या, जमलं तर संग्रहालय बघा, मग गाणं ऐका.

इकडं आमच्याकडं मिरज आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. उरुसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं, आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात. दर्ग्यात हजेरी लावणारे कलाकार सेवा म्हणून गातात-वाजवतात. मला ते ऐकायला फार आवडतं. तिकीट काढून आलेल्यांना खूश करायची घाई तिथं नसते, एखादा राग आपल्या चालीनं चालतो. सांगलीत भावे नाट्यमंदिरात नाट्यसंगीताचे कार्यक्रम होतात. पडद्याआडून साथीदारांची वाद्यं जुळवायची खुडबुड ऐकू आली की मी घड्याळ बघायचं सोडून देतो.

आणि जाल तेव्हा पुढच्या रांगेत मधोमध बसू नका. वाजवणाऱ्यानं कडेला बसावं, जिथून साथीदाराचा हात दिसतो. गायकाकडं सगळेच बघतात. तुम्ही पेटीवाल्याकडं बघा, तो कुठं थांबतो ते बघा. एका मैफलीत हे जेवढं कळतं तेवढं मोबाइलवर महिनाभर ऐकून कळत नाही, कारण ध्वनिमुद्रणात साथीदाराला मागं ढकललेलं असतं. भडंगाची पुडी बरोबर असू द्या, पण ती मध्यंतरातच उघडा. विलंबित ख्याल चालू असताना प्लास्टिकची पिशवी उघडणाऱ्यांना काय करावं, यावर माझं मत छापण्यासारखं नाही.

प्रश्न : घरी नीट वाजतं. चार माणसं समोर बसली की उजवा हात थरथरतो आणि गज तारेवर उड्या मारतो.
– एक गृहिणी, विटा

बहुतेकांचा थरथरतो. थरथर सगळ्यात जास्त दिसते ती लांब, सावकाश, हलक्या गजात, आणि आपण नेमकी आलापानं सुरुवात करतो. ते उलटं करा. पहिल्यांदा मध्यलयीतली, झोपेतही वाजेल अशी गत किंवा एखादं भजन घ्या, गज मधल्या भागात ठेवा आणि थोडा दाबून वाजवा. हात स्थिरावला की मग आलाप. नियमात बसत नाही असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

गजाच्या केसांना राळ घरून निघतानाच लावा, कार्यक्रमाला पोचल्यावर घाम पुसता पुसता नको. घामाचा हात गजाच्या केसांना लागला तर तेवढ्या भागात सूर धरत नाही. आमच्या दुकानात हळदीची पूड सगळीकडं बसायची. सौद्याच्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम असला की मी आधी साबणानं हात घासायचो, नाहीतर गज पिवळा आणि आवाज फुसका.

प्रश्न : लग्न, वास्तुशांत, वाढदिवस अशी बोलावणी येतात. मानधन घ्यावं का? मी नोकरी करतो, पोटापाण्यासाठी वाजवत नाही.
– एक वाचक, जत

देवळात, भजनात घेऊ नका. लग्नकार्यात घ्या, आणि आधी ठरवून घ्या. फुकट वाजवणारा म्हटलं की जेवणाच्या पंगतीशेजारी, जनरेटरजवळ बसवतात. एका कार्यालयात आम्ही यमन धरला आणि बाजूच्या हॉलमधून डीजे सुरू झाला. यजमान म्हणाले, "चालू द्या, छान वाटतंय." आम्ही वाजवत राहिलो, कुणालाही काही ऐकू आलं नाही.

तुमच्यासारख्यानं दुसरीही एक गोष्ट बघायची. तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, शेजारी बसलेल्या तबलजीचं घर बहुधा याच्यावरच चालतं. तुम्ही "राहू द्या हो, आवड म्हणून करतो" म्हणालात की यजमान त्याच्याकडंही त्याच अपेक्षेनं बघतात, आणि त्याला तोंड उघडता येत नाही. म्हणून आकडा तुम्ही सांगा, दोघांचा मिळून, निमंत्रण आलं त्याच फोनवर. पाकीट आलं की त्याचा वाटा आधी द्या. रात्री उशीर झाला तर रिक्षाचे पैसे यजमानांकडून वेगळे मागून घ्या. तबल्याची जोडी खांद्यावर टाकून शेवटच्या एसटीमागं धावायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.