सोशल मीडियावर निर्बंध घातले तर लोकशाहीत अभिव्यक्ती स्वातंत्र्य उरतं का?

भारतापुरतं बोलतो. निर्बंध असू शकतात. पण ज्याची पोस्ट काढली त्यालाच कारण सांगितलं जात नसेल, तर तो निर्बंध मला मान्य नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या, आणि हेच ते, असं लोकांनी ठरवून टाकलं. हे आठवलं की 'ज्याला जे पसरवायचं ते पसरवू द्या' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. तुम्ही काय लिहिता याला तिने हात लावला नाही, फक्त पसरण्याचा वेग कमी केला. अशा मर्यादेला माझी हरकत नाही.

आता पालघर, नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर नाराजी लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. पोलिसांनी दोघींना अटक केली. कुणाला मारा म्हटलं नव्हतं, जाळा म्हटलं नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात तेव्हा कलम ६६अ होतं. ऑनलाइन मजकुरामुळे कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली तरी ते लावता यायचं आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकायची. त्रास कशाला म्हणायचं, हे ठरवणार पोलीस ठाण्यातला अधिकारी! २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पूर्ण रद्द केलं. चर्चा करणं, एखादं मत हिरिरीने मांडणं आणि चिथावणी देणं या तीन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी त्यांना संरक्षण आहे. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये निर्बंधांची कारणं मोजून दिलेली आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. कुणाला राग येणं हे त्यातलं कारण नाही.

इथवर सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. कमी बोललं जातं ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्याच कलम ६९अ बद्दल. याच कलमाखाली सरकार मजकूर ब्लॉक करायला सांगतं, आणि २०१५ च्या त्याच निकालात ते टिकलं. टिकलं ते त्यातल्या अटींमुळे: आदेशाची कारणं लेखी हवीत, आणि लिहिणारा कोण हे माहीत असेल तर त्याचंही ऐकून घ्यायला हवं. पण २००९ च्या ब्लॉकिंग नियमांतला सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. सोशल मीडिया कंपनीने आदेश पाळला नाही तर सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, त्यामुळे परक्याच्या पोस्टसाठी ती कशाला भांडेल? लिहिणाऱ्याला दिसते ती 'कायदेशीर मागणीमुळे भारतात उपलब्ध नाही' अशी एक ओळ. कारणं लेखी असून ती कपाटात बंद असतील तर त्यांना आव्हान द्यायचं कसं? मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

तुमची पोस्ट अशी गेली असेल तर गप्प बसू नका. आधी तिचा स्क्रीनशॉट आणि कंपनीची सूचना जपून ठेवा. आदेश कुठल्या कलमाखाली आला ते कंपनीला लेखी विचारा, आदेशाची प्रत मागा. मिळाली नाही तरी घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते, आणि तिथे 'मला आदेशच दिला नाही' हाच तुमचा पहिला मुद्दा असू शकतो.