वाचकांचे प्रश्न : स्टेशनच्या पार्किंगला कुठला चार्जर लावू?

प्रश्न : ताई, नेरूळ स्टेशनजवळ आमचं पे अँड पार्क आहे, चाळीसेक गाड्या लागतात. लोक सकाळी गाडी लावून लोकल पकडतात ते थेट संध्याकाळी उगवतात. ईव्हीवाले रोज विचारतात चार्जिंग कधी सुरू करताय. सप्लायर म्हणतो ६० किलोवॅटचे दोन डीसी फास्ट चार्जर टाका. कोटेशन बघून डोळे पांढरे झाले. काय करू?

उत्तर : दादा, सप्लायर त्याला जे विकायचंय तेच सांगणार. तुम्ही आधी एवढंच बघा की गाडी तुमच्याकडे उभी किती वेळ राहते. तुमचा माणूस सकाळी नऊला गाडी लावून सीएसएमटीला गेला, फास्ट चार्जरवर तासाभरात ८० टक्के झालं, त्यानंतर स्पीड तसाही पडतो, आणि मग? गाडी हलवायला तो काय फोर्टहून परत येणारे का, म्हणजे एवढा महागडा चार्जर संध्याकाळपर्यंत एकाच गाडीने अडवलेला आणि बाकीचे तुमच्याशी भांडतायत. फास्ट चार्जर हायवेला, टॅक्सीवाल्यांना ठीक.

तुम्हाला ३.३ किलोवॅटचे साधे, हळू चार्ज करणारे एसी पॉइंट बास. नऊ तास उभ्या गाडीत जवळपास ३० युनिट जातात, एका युनिटला शहरात सहा-सात किलोमीटर धरा, रोजच्या येण्याजाण्याला हे चिक्कार झालं. असे दहा पॉइंट एकदम चालले तरी लोड ३३ किलोवॅट, आणि सप्लायरच्या त्या दोन डब्यांचा १२०. सगळ्या पॉइंटमध्ये लोड वाटून देणारी सिस्टीम घेतलीत तर महावितरणकडून घ्यायचा मंजूर लोड आणखी कमी ठेवता येईल. एक-दोन पॉइंट ७.४ किलोवॅटचे ठेवा, दोन-तीन तासांसाठी येणाऱ्यांना.

आता आखणी, आणि खरी गडबड इथेच होते. काही गाड्यांचं चार्जिंगचं तोंड पुढे जाळीत असतं, काहींचं मागे, जिथे पेट्रोलचं झाकण असायचं तिथे. म्हणून चार्जर दोन गाड्यांच्या मधल्या रेषेच्या टोकाला उभा करा, म्हणजे पुढून लावा नाहीतर रिव्हर्स, पाच मीटरची केबल पुरते. चाकाला अडवायला ठोकळा हवाच, नाहीतर पहिल्याच महिन्यात कोणीतरी चार्जर ठोकणार. एक जागा ३.६ मीटर रुंद ठेवा, व्हीलचेअरवाल्याला दार पूर्ण उघडता आलं पाहिजे. आणि स्कूटरवाल्यांना विसरू नका हो, त्यांना भिंतीवर १६ अँपिअरचे सॉकेट, प्रत्येकाला वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), एक्स्टेन्शन बोर्डचा जुगाड अजिबात नको.

जागा सिडकोची किंवा पालिकेची असेल तर करारात चार्जिंग बसतं का ते आधी वाचून घ्या. मग महावितरणकडे वेगळं मीटर मागा, ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दर आहे.

प्रश्न : ठाण्यात आमच्या बाजूच्या ओपन पार्किंगमध्ये जुलैत पोटरीभर पाणी साचतं. तिथे चार्जर बसणार असं ऐकतोय. शॉक नाही लागणार? (माजिवडा)

उत्तर : गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, गाडीत नीट बसून गाडी आणि चार्जरचं आपसात बोलणं झाल्याशिवाय करंट सुटतच नाही, त्यामुळे नुसती भिजलेली गन हातात धरली म्हणून शॉक बसत नाही. साध्या सॉकेटचं तसं नसतं, तो कायम जिवंत. पण पाणी पोटरीभर साचत असेल तर चार्जर जमिनीवर नकोच. भिंतीवर गेल्या पावसाळ्याच्या गाळाची रेघ दिसते ना, चौथरा तिच्यापेक्षा चांगला फूटभर वर घ्यायला सांगा, आणि मेन डीबी, म्हणजे वीज वाटून देणारा मुख्य बॉक्ससुद्धा, कारण लोक चार्जर उंच बसवतात आणि डीबी कोपऱ्यात खाली ठेवतात! चार्जरचा बॉक्स किमान आयपी ५४ चा (धूळ आणि उडणाऱ्या पाण्यापासून बचाव करणारा), प्रत्येक पॉइंटला ३० मिलीअँपिअरचा आरसीडी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), गन अडकवायला हुक, डोक्यावर पत्रा. अर्थिंग दरवर्षी मे महिन्यात मोजून घ्यायची. खाडीच्या खाऱ्या हवेने नट-बोल्ट आणि अर्थिंगच्या पट्ट्या लवकर गंजतात, तेव्हा तेही बघायला लावा.

प्रश्न : चार्जिंगचे पैसे घेतले म्हणजे वीज विकली, मग लायसन लागेल ना? (खारघर)

उत्तर : नाही लागत. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच सांगितलंय की ईव्ही चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही. मात्र वीज सुरक्षेचे नियम लागू आहेतच, काम लायसनवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या.