पाउ गासोलने वैद्यकीय शिक्षण नेमके कधी सोडले?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे, उंचीने सहा फूट चार इंच आहे, शालेय बास्केटबॉल स्पर्धांत विभागीय पातळीपर्यंत खेळला आहे आणि आता ‘नीट’चा क्लास सोडून पूर्ण वेळ खेळायचे म्हणतो, असे तुम्ही नागपूरहून कळवले आहे. तुम्ही स्वतः रुग्णालयात परिचारिका आहात आणि त्याने डॉक्टर व्हावे असे तुम्हाला मनापासून वाटते. घरात वाद झाला की तो स्पेनचा बास्केटबॉलपटू पाउ गासोल याचे नाव घेतो आणि मेडिकल सोडले म्हणूनच तो मोठा झाला, असे सांगतो. त्याने निवडलेले उदाहरण चांगले आहे. फक्त त्यातला घटनाक्रम त्याने नीट पाहिलेला नाही, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या क्रमातच आहे.

गासोलचा जन्म 1980 साली बार्सिलोनात झाला. आई डॉक्टर, वडील परिचारक, आणि दोघेही बास्केटबॉल खेळलेले. 1991 मध्ये मॅजिक जॉन्सन या अमेरिकन खेळाडूने आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे जाहीर केले, तेव्हा अकरा वर्षांच्या पाउच्या मनात डॉक्टर होऊन या आजारावर उपाय शोधण्याचा विचार आला, असे त्याने पुढे सांगितले आहे. बार्सिलोना विद्यापीठात त्याने वैद्यकीय शाखेत प्रवेश घेतला तो या ओढीने, आईवडिलांच्या दडपणाखाली नव्हे.

आता तारखा पाहा. 1998 मध्ये स्पेनच्या ज्युनिअर संघाने युरोपीय अजिंक्यपद मिळवले आणि 1999 मध्ये लिस्बनला अमेरिकेला हरवून ज्युनिअर जगज्जेतेपदही जिंकले. या दोन्ही संघांत गासोल होता. त्याच 1999 च्या आरंभी तो बार्सिलोना क्लबच्या मुख्य संघाकडून व्यावसायिक लीगमध्ये पहिला सामना खेळला होता. म्हणजे पहिल्या वर्षानंतर त्याने वैद्यकीय शिक्षण थांबवले, तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एका क्लबाने त्याला आपल्या मुख्य संघात घेतलेले होते आणि रोजचा सराव, प्रवास व तासिका यांचा मेळ बसणे अशक्य झाले होते. खेळाची संधी आधी हाती आली, अभ्यास नंतर सुटला. तुमचा मुलगा हा क्रम उलटा करू पाहतो आहे, आणि माझी हरकत केवळ एवढ्यालाच आहे.

त्याच्या बाजूने मात्र एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. त्या ज्युनिअर संघाचा खरा तारा हुआन कार्लोस नवारो होता. गासोल तुलनेने उशिरा बहरला. 2001 मध्ये स्पॅनिश लीगची अंतिम फेरी आणि राजा चषक ही स्पेनमधील दुसरी स्पर्धा या दोन्हींत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याच वर्षी एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या नवोदितांच्या निवडीत त्याला तिसरा क्रमांक मिळाला, आणि मेम्फिस संघाकडून खेळताना पहिल्याच मोसमात तो सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे लॉस एंजेलिस लेकर्स संघाबरोबर 2009 आणि 2010 ची एनबीए विजेतेपदे आली. त्यामुळे सोळाव्या वर्षी मुलगा राज्य संघात नाही, एवढ्यावरून त्याचा खेळ संपला असे कृपया ठरवू नका.

फरक आहे तो गासोलच्या पायाखालच्या व्यवस्थेचा. स्पेनमधील मोठे क्लब लहान वयापासून स्वतःचे संघ चालवतात, आणि चांगल्या मुलाला तिथूनच व्यावसायिक संघापर्यंत वाट मिळते. आपल्याकडे शाळा, जिमखाना, जिल्हा आणि राज्य संघ असा प्रवास करून बहुतेक चांगले खेळाडू रेल्वे, सेनादल किंवा पोलीस दलातील नोकरीपर्यंत पोहोचतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी विहित पातळीवरील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. नुसत्या विभागीय सहभागावर विसंबून राहता येणार नाही. पंजाबचा सतनाम सिंग 2015 मध्ये एनबीएच्या निवडीत बावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला, तोही सात फुटांहून उंच असून त्याला एनबीएच्या मुख्य स्पर्धेत सामना खेळायला मिळाला नाही. सहा फूट चार इंच ही आपल्याकडे मोठी उंची वाटते; व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये त्या उंचीचे खेळाडू बहुधा गार्ड म्हणून, म्हणजे बास्केटपासून दूर राहून चेंडू पुढे नेणाऱ्या जागेवर, खेळतात, म्हणून मुलाने आतापासून चेंडू हाताळणे आणि लांबून नेम साधणे यांवर मेहनत घेतली पाहिजे. हे त्याला प्रशिक्षकांकडून समजावून घेऊ द्या.

दुखापतींबद्दल तुम्ही लिहिलेली भीती रास्त आहे. 2006 च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य सामन्यात गासोलचा पाय मोडला आणि स्पेनने अंतिम सामना त्याच्याशिवाय जिंकला. 2019 मध्ये पायाच्या हाडाच्या दुखण्याने तो जवळजवळ दोन वर्षे खेळाबाहेर राहिला, 2021 मध्ये बार्सिलोनाकडे परतून लीग जिंकला आणि त्याच वर्षी निवृत्त झाला. एवढी वर्षे थांबून उपचार घेण्याची आर्थिक ऐपत व्यवसायाने त्याला दिली होती. आपल्या मुलांना ती बहुधा नसते, म्हणून त्यांच्या हाताशी शिक्षण असावे लागते.

माझा सल्ला असा की बारावीपर्यंत विज्ञान शाखा आणि ‘नीट’ची तयारी दोन्ही चालू ठेवावीत, परंतु दिवसभराच्या क्लासऐवजी कमी तासांचा वर्ग निवडावा आणि सकाळ-संध्याकाळचा सराव वेळापत्रकात पक्का लिहावा. अभ्यासातून वेळ उरला तर खेळ, ही अट तुम्ही काढून टाकावी. ती राहिली तर मुलगा दोन्हीकडे अर्धाच राहील. आपल्या राज्यात फिजिओथेरपीच्या पदवीसाठीही ‘नीट’चे गुण लागतात, आणि खेळाडूंच्या शरीराशी संबंधित ते काम त्याला खरोखर आवडू शकते. गासोलनेही वैद्यकाशी नाते तोडले नाही. भाऊ मार्क याच्यासह त्याने स्थापन केलेली संस्था बालकांमधील लठ्ठपणा रोखण्यासाठी काम करते.

अठरा वर्षांखालील राज्य संघाच्या निवड चाचण्या त्याला या दोन वर्षांत द्यायला लावा. प्रत्येक चाचणीनंतर प्रशिक्षकांकडून दोन गोष्टी लेखी घ्या: त्याच्या वयाच्या राज्यातील खेळाडूंमध्ये तो कुठे आहे, आणि त्याला काय कमी पडते. राज्य संघात जागा मिळाली, तर बारावीनंतर खेळाला प्राधान्य देण्याचा विचार आपण तिघे बसून करू. तोपर्यंतचे अभिप्राय आणि अकरावीची गुणपत्रिका मला पाठवावी.