तार्त तातँ उलटल्यावर पाकच पाक का होतो

तार्त तातँ म्हणजे खाली साखरेच्या पाकातली सफरचंदं, वर पिठाची पोळी असं भाजून मग ताटात उलटायची फ्रेंच तार्त. तुम्ही लिहिलंय की ती उलटली तर ताटभर पातळ पाक सांडला, सफरचंदांचा लगदा झाला, खालचं पीठ ओलंच राहिलं, आणि आता ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवू का. नका ठेवू. ओव्हनचा यात फारसा दोष नाहीये, सगळी गडबड त्याच्या आधी गॅसवर झालीये.

सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. ते पाणी पीठ वर घालायच्या आधी आटवायला हवं, कारण एकदा वरून पीठ झाकलं की वाफेला वाट नाही, मग ती पीठ भिजवते आणि कॅरॅमल, म्हणजे वितळवलेल्या साखरेचा पाक, पातळ करते. बहुतेक व्हिडिओत फोडी पाच मिनिटं परतून लगेच पीठ घालतात, तिथेच वाट लागते.

मी असं करते. २४ सेंमीचा जाड बुडाचा, ओव्हनमध्ये जाणारा पॅन, बिडाचा असेल तर फारच छान. दीड किलो सफरचंदं सोलून, बिया काढून प्रत्येकाचे दोन नाहीतर चारच भाग करायचे, बारीक फोडी अजिबात नकोत. १५० ग्रॅम साखर नुसती वितळवायची, गडद मधासारखा रंग आला की गॅस बंद आणि १०० ग्रॅम बटर घालायचं (फसफसतं, हात लांब ठेवा). मग सफरचंदं उभी, एकमेकांना चिकटून, अगदी दाटीवाटीने लावायची कारण ती आक्रसतात आणि मग मधे भोकं पडतात. आता मंद ते मध्यम आचेवर झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटं. आधी खूप रस सुटेल, घाबरू नका, तो आटत आटत बुडबुडे मोठे आणि चिकट व्हायला लागले की झालं. सफरचंदातलं पेक्टिन (ज्याने जॅम घट्ट होतो ते) त्या पाकात उतरतं, म्हणून तो नंतर थंड होताना छान धरतो.

सफरचंद कोणतं घेतलंत ते लिहिलं नाहीत. आपल्याकडची लाल डेलिशस असेल तर लगदा होणारच, आंबटपणाही कमी. फ्रान्समध्ये रेन दे रेनेत नावाची जात वापरतात, गोल्डनही सर्रास चालते. इथे पिवळी गोल्डन किंवा हिरवी ग्रॅनी स्मिथ घ्या.

पीठ साधंच: २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंडगार बटर, चिमूट मीठ, दोन-तीन चमचे गार पाणी, फ्रिजमध्ये अर्धा तास. सफरचंदं जरा निवली की पोळी लाटून वर घालायची, कडा आत खोचायच्या, वाफेला दोन-चार चिरा द्यायच्या, २०० डिग्रीला अर्धा तास. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच उलटायची. लगेच उलटलीत तर कॅरॅमल वाहतं, पार गार झाली तर चिकटते, मग पॅन मिनिटभर गॅसवर धरायचा.

आणि तातँ बहिणींच्या हातून ही तार्त गडबडीत "चुकून उलटी झाली" अशी जी गोष्ट सांगतात, ती मला पटत नाही. पॅरिसच्या दक्षिणेला सोलोन भागात लामोत-बव्रों गावी स्टेशनसमोर तातँ बहिणींचं हॉटेल होतं, स्तेफानी स्वयंपाक बघायची आणि कॅरोलिन पाहुणे. पण उलट्या फळांच्या तार्ती त्या भागात आधीपासून व्हायच्या, आणि हा इतक्या सबुरीचा पदार्थ गडबडीत झाला असेल असं तो करणाऱ्या कुणालाच वाटणार नाही. त्यांच्या तार्तीची कीर्ती पुढे क्युरनोन्स्की या खाद्यलेखकाने पॅरिसपर्यंत नेली. लामोत-बव्रोंचे कट्टर लोक ती कोमटच खातात, सोबत क्रीमसुद्धा नको म्हणतात, आणि मला ते बरोबर वाटतं.

हापूसची करू का असं शेवटी विचारलंत, तर नको. पिकलेला हापूस गॅसवर विरघळतो आणि वासही जातो. घट्ट पेअरची उत्तम होते. अननसही चालेल, फक्त आधी वेगळ्या पॅनमध्ये बटरवर सोनेरी होईपर्यंत पाणी आटवून घ्या, मग पुढचं सगळं वरच्यासारखंच.