मे महिन्यात आणलेलं पिल्लू

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमचं घर देवगड तालुक्यात, बंदरापासून जवळ. मे महिन्यात ठाण्याहून दीर-जाऊ आणि त्यांची मुलं आली होती. मुलांनी जेटीवरून कुत्र्याचं एक पिल्लू उचलून आणलं, मादी आहे. पंधरा दिवस तिला खाली म्हणून ठेवलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांची गाडी निघाली आणि पिल्लू राहिलं. सासूबाई म्हणतात, मादी आहे, उद्या घरभर पिल्लं होतील, शिवाय गणपतीत सोवळं कसं पाळायचं? मिस्टर म्हणतात, जेटीवर सोडून ये, तिथे मासळी खाऊन जगेल. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तो विचारतो, ती आपल्या घरचीच ना? मी काय सांगू?
(एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, पत्र उघडल्यावर मी आधी तारीख बघितली. 2 जुलै. म्हटलं, बरोबर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी नोकरी झाली ती सगळी याच किनाऱ्यावर. आंबा उतरला, चाकरमानी परतले, घरांना कुलपं लागली की आठ-दहा दिवसांत कुणीतरी पोत्यात नाहीतर खोक्यात पिल्लू घालून दवाखान्याच्या पायरीवर ठेवून जायचं. बहुतेक माद्याच असायच्या.

आधी मिस्टरांच्या मुद्द्याचं बघू, कारण तो ऐकायला सोपा वाटतो. जेटीवर मासळी असते, पण आत्ता नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी गुंडाळून ठेवलेली, लिलाव बंद. तिथली मोठी कुत्रीच या दिवसांत उकिरडे धुंडाळतात. त्यात दीड महिना माणसांच्या हातून खाल्लेली, बाकीच्या कुत्र्यांना परकी झालेली ही पोर सोडलीत, तर ती आठवडाभरही टिकेल की नाही, शंका आहे. तुम्हाला ठेवणं जमणार नसेल तर तसं मोकळेपणाने ठरवा आणि लस देऊन वाडीत कुणाचं तरी घर बघा. त्यात कमीपणा काही नाही. जेटीवर मात्र नेऊ नका.

सासूबाईंशी भांडू नका. मादीबद्दलची त्यांची काळजी खरी आहे. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि गाभण राहिली की दोन महिन्यांत विते. त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. सहा महिन्यांची होत आली की डॉक्टरांना दाखवून तारीख ठरवा आणि ती तारीख आजच सासूबाईंना सांगून टाका. अर्धा विरोध तिथेच मावळेल.

सोवळ्याचंही तसंच. माझी आई कुत्र्याला शेवटपर्यंत शिवली नाही. देवघर आणि चूल यांच्याजवळ त्याला मज्जाव. पण सकाळची पेज उतरली की आधी ओरडायची, "आधी त्या मुक्या जिवाक घाल, मगे तू जेव." उपाशी ठेवणं हे तिच्या सोवळ्यात बसत नव्हतं. कुत्र्याला उंबरा कळतो, ताई. रोज त्याच जागी थांबवलं आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला, तर महिनाभरात पिल्लू शिकतं. एकाने आत बोलवायचं आणि दुसऱ्याने हाकलायचं, असं केलं तर कधीच शिकत नाही. आणि सासूबाईंच्या देवघरात दत्ताची तसबीर असेल तर पायाशी उभी असलेली चार कुत्री त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असतील.

आता माझं एक ऐका. ती रात्री झोपते कुठे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात बांधत असाल तर आजपासून बंद करा. माझा खंड्या मी असाच घालवला. तपकिरी रंगाचा, गावठी, सहा वर्षांचा, आवाज असा की पाणंदीत माणूस शिरला तरी घरात कळायचं. राखणीला आहे म्हणून मी त्याला रात्री तुळशीजवळ साखळीने बांधायचो. बिबट्या दोन वाड्यांपलीकडे फिरतोय हे मला ठाऊक होतं. लोकांच्या मेलेल्या वासरांचे पंचनामे मीच करत होतो. तरी बांधला. मोकळा असता तर निदान पळाला असता. सकाळी साखळी होती आणि अर्धा पट्टा होता. दोष बिबट्याचा नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे कुत्रं पडवीत झोपतं आणि पडवीचं दार लावलेलं असतं. मुलाने विचारलंय ना, घरची का? मग रात्री दाराच्या आत घ्या.

दवाखान्याचं काम या आठवड्यातच उरका. तुमच्या अंदाजाने ती तीन महिन्यांची असेल तर रेबीजची लस लगेच द्या. डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि मग दरवर्षी. पार्व्हो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांची लस वेगळी असते, तिचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. ती घेताना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) समावेश असलेली मागा. आपल्याकडे पावसात शेतात, गोठ्यात उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी असतं आणि लेप्टो कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. सरकारी दवाखान्यात सगळ्या लशी असतीलच असं नाही, आधी फोन करून विचारा. जंताचं औषध त्याच फेरीत द्या. गोचिडी रोज हाताने तपासा, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात. रॉकेल चोळू नका, कातडी भाजते.

मुलाला खेळताना दात लागला असेल, साधा ओरखडा असेल, तरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक आरोग्य केंद्रात जायचं. चुना, हळद, तिखट काहीही लावायचं नाही. मे महिन्यात ठाण्याच्या मुलांना काही लागलं होतं का, तेही फोन करून विचारा. त्यांनीही लगेच डॉक्टरांना दाखवायला हवं. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची पहिली लस टोचवली ती 6 जुलै 1885 ला. म्हणजे एवढी वर्षं उपाय हाताशी आहे, तरी आपल्याकडे अजून "बघू दोन दिवस" चालतं.

आणि फोन करालच तेव्हा पैसेही मागा. लाजू नका. लसींचा आणि शस्त्रक्रियेचा अर्धा खर्च दिरांनी द्यावा. पिल्लू घरचं असेल तर ते घरखर्चात येतं, आणि उचलून आणलं होतं त्यांच्याच मुलांनी. गणपतीला ती मंडळी येतील तेव्हा मुलांना कामही लावून द्या. फटाके वाजतील तेव्हा तिला मागच्या खोलीत घेऊन बसायचं, आणि प्रसादातले मनुका-बेदाणे, मुंबईची चॉकलेटं तिच्या तोंडी जाऊ द्यायची नाहीत. दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, रत्नागिरीत राहतो. मुलगा पुण्याला. सोबतीला पिल्लू घ्यावं की मोठा कुत्रा?

उत्तर : मोठा घ्या. पिल्लू चपला कुरतडतं, रात्री रडतं, दिवसातून दहादा बाहेर न्यावं लागतं. आणि कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं, हा हिशोब तुमच्या वयात घातलाच पाहिजे. तुमच्यानंतर त्याला कोण नेणार, हे मुलाला आत्ताच विचारा. तो गप्प बसला तर थांबा. भटका कुत्रा दत्तक घेतला की तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असं सर्वोच्च न्यायालयानेही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात म्हटलं आहे.

आमची कुत्री तिरफळ आली तेव्हा तीनेक वर्षांची होती. नसबंदी झालेली, कानाला खूण केलेली. नाव बायकोने ठेवलं, मसाल्यातल्या तिरफळासारखी काळी, बारकी आणि तिखट म्हणून. चार दिवस ती भाताच्या कणगीमागून बाहेर आली नाही. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचो, बाजूला भाताची ताटली. पाचव्या दिवशी कोपराला ओलं नाक लागलं. तेव्हाही मी वळलो नाही, पुढचं पान उलटलं. तुम्हीही घाई करू नका. पाहुण्यांना दाखवायला तर पहिले पंधरा दिवस मुळीच बाहेर काढू नका.

प्रश्न : मालवणला किनाऱ्यावर आमच्या कुत्र्याला मोकळं सोडतो. तो वाळूत पडलेली मासळी खातो. चालेल ना?

उत्तर : नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढल्यावर नको असलेला केंड मासा किनाऱ्यावर टाकून देतात. फुग्यासारखा फुगतो तोच. त्याच्या विषावर उतारा नाही आणि ते शिजवूनही जात नाही. कुत्र्याने खाल्ला असं वाटलं तर लक्षणांची वाट बघत बसू नका, गाडी काढा. घरी बांगडा, तारली उकडून, काटे काढून, मीठ न घालता खुशाल द्या. सुकी मासळी मात्र नको, तिच्यात मीठ फार असतं.

दुसरी भीती गळाची. तंगुसासकट, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यासकट टाकलेला गळ कुत्रं आमिषाच्या वासाने गिळतं. तोंडातून तंगूस लोंबताना दिसली तर ओढू नका, आत फाटतं. वीतभर बाहेर राखून कापा आणि तसंच दवाखान्यात घेऊन या.