कुलूप एका कंपनीचं, हब दुसऱ्या कंपनीचा, भांडायचं कुणाशी?

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. पक्षाघातानंतर बेल वाजली की उठून दाराशी जाणं त्यांना जमत नाही. आम्ही कोल्हापुरात शेजारच्याच इमारतीत राहतो. गेल्या वर्षी एका डीलरकडून बाबांच्या फ्लॅटचं ऑटोमेशन करून घेतलं. दिवे, पंखे, कॅमेरा आणि मुख्य दाराचं कुलूप, सगळं एकाच हबवर, म्हणजे सगळी उपकरणं एकत्र चालवणाऱ्या पेटीवर. बाबांनी पलंगाशेजारच्या पॅनेलवर कोण आलंय ते पाहायचं आणि तिथूनच दार उघडायचं. खर्च १ लाख ४६ हजार, त्यात कुलूप ३१,५०० चं. पाच महिने छान चाललं. फेब्रुवारीत कुलपाला अपडेट आलं आणि पॅनेलवरून कुलूप गायब झालं. कुलपाची कंपनी म्हणते, ‘आमच्या ॲपवरून उघडतंय ना, मग कुलूप चांगलं आहे. हबला जोडायचं तर ६,९९९ रुपयांचा ब्रिज घ्या.’ तत्त्व म्हणून ते पैसे मी देणार नाही. डीलर म्हणतो, ‘अपडेट माझ्या हातात नाही.’ सागवानी दार कोरून कुलूप बसवलंय, म्हणून परत घ्यायलाही दोघं तयार नाहीत. बिल दुबईतल्या भावाच्या नावावर आहे. तक्रार कुणी आणि कुणाविरुद्ध करायची? भाचा इंजिनिअर आहे, तो ‘मी जोडून देतो’ म्हणतो. त्यात काही गुन्हा आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जोडलेल्या कोटेशनमध्ये आहे. सातव्या ओळीत डीलरनं लिहिलंय, ‘मुख्य दार लॉक, हब व पॅनेलवरून ऑपरेशनसह.’ हा कागद जपून ठेवा. तुमचा निम्मा खटला त्या ओळीत आहे.

आधी कंपनीचा युक्तिवाद बघू, कारण तो वरवर बिनतोड वाटतो. कुलूप उघडतं, लागतं, मग त्यात दोष कुठला? व्यवहारातला ‘दोष’ म्हणजे मोडकी वस्तू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधला दोष त्याहून मोठा आहे. कलम २(१०) नुसार कराराप्रमाणे किंवा व्यापाऱ्यानं कुठल्याही प्रकारे केलेल्या दाव्याप्रमाणे जो दर्जा असायला हवा, त्यात उणीव राहिली तरी वस्तू सदोष ठरते. ‘व्यापारी’ या शब्दात उत्पादकही येतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खोक्यावर ‘सर्व प्रमुख स्मार्ट होम हबसोबत चालते’ असं छापलेलं दिसतं. हा कंपनीचा दावा आणि तीच मोजपट्टी. कुलूप ॲपवर चालतं की नाही हा प्रश्नच नाही. सांगितलं होतं तसं चालतं का, एवढंच विचारायचं.

म्हणून एक कळकळीची सूचना. अपडेटमध्ये नेमकं काय बदललं, कुलूप ब्लूटूथवर बोलतं की झिगबी या दुसऱ्या वायरलेस पद्धतीवर, कंपनीनं सर्व्हरची वाट का बंद केली, या चर्चेत तुम्ही शिरू नका. समोरच्यांना तेच हवं असतं. तांत्रिक दोष सांगायला गेलात तर कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची वेळ येते, तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते आणि दाराला भोक उरतं. ‘हे सांगितलं होतं, पाच महिने दिलं, मग काढून घेतलं’ एवढंच म्हटलंत तर त्याला कोटेशन, खोक्याचा फोटो आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरतो.

कंपनी माहितीपत्रकातल्या बारीक टायपावर बोट ठेवेल : ‘सुविधांमध्ये बदल होऊ शकतो.’ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मोठ्या अक्षरात दिशाभूल करायची आणि तळटीपेत ती सुधारायची, हे त्यांना मान्य नाही. तक्रारीआधी पाठवायच्या नोटिशीत याचा उल्लेख करा.

आता डीलर. त्याचा ‘अपडेट माझ्या हातात नाही’ हा बचाव तुम्हाला पटलेला दिसतो. मला पटत नाही. मालविक्री कायदा, १९३० चं कलम १६ सांगतं की गरज काय आहे हे विकणाऱ्याला सांगून, त्याच्या जाणकारीवर विसंबून त्याच्या धंद्यातली वस्तू घेतली, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे. याला एक अपवाद आहे : तुम्ही स्वतः ब्रँडचं नाव घेऊन ‘अमुकच द्या’ म्हणालात तर हे संरक्षण जातं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. व्हॉट्सॲपवर तुम्ही लिहिलंत, ‘बाबांना उठता येत नाही, पलंगावरून दार उघडलं पाहिजे’, आणि मॉडेल त्यानं सुचवलं. ते संभाषण पुसू नका. मोबाइल बदलायचा विचार असेल तर सध्या बदलू नका. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. शिवाय जोडणीचे पैसे घेतलेत म्हणजे ती सेवा झाली, आणि सेवेतली त्रुटी ही वेगळी तक्रार.

थोडक्यात, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकाला वगळलंत की दुसरा सगळा दोष गैरहजर माणसावर ढकलतो. ग्राहक आयोगात ही टोलवाटोलवी मी इतक्यांदा पाहिली आहे की आता हसूही येत नाही. हब बनवणाऱ्या कंपनीला मात्र ओढू नका. तिचा हब सांगितल्याप्रमाणे चालतोय.

बिलाची काळजी नको. घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ‘ग्राहक’ आहे. तक्रारदार बाबा असावेत, तुम्ही त्यांच्या अधिकारपत्रावर काम बघा. भावाकडून ‘पैसे मी दिले, वापर वडिलांसाठी’ एवढं शपथपत्र घ्या. तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच होईल, कारण तक्रारदार राहतो तिथे ती करता येते. कंपनीच्या अटींमध्ये लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाबाहेर पंचाकडे न्यायचं कलम असेल तरी दचकू नका. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो, वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ती मी फेब्रुवारीपासून मोजेन.

मागायचं काय? पहिली मागणी : ब्रिजचे पैसे न घेता जोडणी पूर्ववत करून द्या. ते जमत नसेल तर कुलपाची किंमत, दार दुरुस्त करायचा सुताराचा खर्च, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. पूर्ण १ लाख ४६ हजार मागू नका. दिवे-पंखे चालू असताना त्यांचे पैसे मागितले की खरी मागणीही फुगवलेली वाटते. ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) हा भारदस्त शब्द कुणी सुचवला तर तोही टाळा. कायद्याच्या त्या भागातल्या ‘हानी’त खुद्द वस्तूचं नुकसान धरत नाहीत. कंपनीच्या अटी अन्याय्य आहेत हेही इथे मांडू नका. अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते आणि तुमचं साधं प्रकरण उगाच तिथे पोचेल.

ब्रिजबद्दल मात्र माझं मत कदाचित तुम्हाला आवडणार नाही. तत्त्व म्हणून पैसे देणार नाही असं तुम्ही लिहिलंय. पण तोवर दाराशी कोण जाणार? करार कायद्याचं कलम ७३ नुकसान मोजताना हेही बघतं की ते टाळायचे उपाय हाताशी होते का. कंपनीला मेल करा : ‘ब्रिज लावल्यावर कुलूप आमच्या हबच्या पॅनेलवरून उघडेल का, हो किंवा नाही?’ ‘हो’ आलं तर हक्क राखून, तसं लेखी कळवून ब्रिज घ्या आणि ६,९९९ रुपये मागणीत घाला. ‘नाही’ आलं किंवा गोलमोल उत्तर आलं तर तो मेलच पुरावा.

भाच्याचं. स्वतःजवळच्या प्रोग्रॅमची दुसऱ्याशी सांगड घालायला लागणारी माहिती मिळवणं, ती सहज उपलब्ध नसेल तर, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एबी)नुसार उल्लंघन नाही. अमेरिकेत गॅरेजचं दार उघडणाऱ्या यंत्रांची चेंबरलेन कंपनी स्कायलिंक या दुसऱ्या कंपनीचा रिमोट आपल्या यंत्राशी चालतो म्हणून कोर्टात गेली आणि २००४ मध्ये हरली. स्कायलिंक खटला म्हणतात तो हाच. पण कंपनीच्या सर्व्हरमध्ये परवानगीशिवाय शिरणं वेगळं, तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आडवं येतं. आपल्या घरातल्या वाय-फायपुरतं, आपल्याच कुलपाशी भाच्यानं काही केलं तर गुन्हा म्हणून घाबरायचं कारण मला दिसत नाही. तरी आत्ता नको. उद्या कंपनी म्हणेल, बिघाड तुमच्या भाच्यानं केला.

त्याच कारणासाठी, डीलरचा माणूस ‘एकदा रिसेट करून बघतो’ म्हणून आला तर आधी व्हिडिओ काढा, ॲपमधला आवृत्ती क्रमांक टिपा आणि काय केलं ते त्याच्या सहीनं लिहून घ्या. नोटीस दोघांनाही स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह, १५ दिवसांची मुदत देऊन पाठवा. माझा अंदाज, डीलर नोटीस मिळताच फोन करेल. गावात धंदा करायचाय त्याला. तो जे कबूल करेल ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. आणि कुलपासोबत आलेली साधी किल्ली कपाटात असेल तर आजच काढून एक शेजाऱ्यांकडे द्या.